कूलरसमोरचे उंदीर

"मॅडम, रिटायर व्हायच्या आधी तुम्ही कोणते पेशंट पाहायच्या?" बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न मला अजूनही विचारला जातो. दारावरच्या पाटीवर नावाआधी डॉक्टर लिहिलेलं आहे, तेव्हा विचारणाऱ्याचा काही दोष नाही. सुरुवातीला मी खरं ते सांगायचे, "उंदीर." समोरची बाई आधी हसायची, मग मी हसत नाही हे पाहून गप्प व्हायची, आणि पुढे कधी घरात उंदीर झाले की ते मारायचं औषध मागायला माझ्याकडे यायची. आता मी "औषधांवर संशोधन करायचे" एवढंच सांगते. तेव्हापासून गल्लीत शांतता आहे.

दिवाळी अंकवाल्यांनी मात्र सगळं सविस्तर लिहा असं बजावलंय. तर वर्ध्याजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मी औषधशास्त्र शिकवायचे. उरलेल्या वेळात, डोक्याला मार लागल्यावर मेंदूत काय होतं आणि ते थांबवता येतं का, हे उंदरांवर तपासायचे. माझं डॉक्टरपण पीएच.डी.चं. मला साधा ताप उतरवता येत नाही.

विषय वाटतो तितका अवघड नाही. गाडीवरून पडलेल्या माणसाच्या मेंदूला दोनदा मार बसतो. पहिला रस्त्याचा. तो बसला की बसला, त्याच्यावर जगात कुठेही औषध नाही. दुसरा मार पुढच्या काही तासांत, काही दिवसांत मेंदूच स्वतःला देतो. मेंदूत राखणदार पेशी असतात. इजा झाली की त्या जाग्या होतात, धावून येतात, मेलेलं-मोडलेलं साफ करू लागतात. इथपर्यंत ठीक. पण त्यांना थांबायचं कळत नाही. चोर शिरला म्हणून सगळं गाव लाठ्या घेऊन घरात घुसावं आणि चोराबरोबर घरातली भांडीकुंडीही फोडून टाकावीत, तसा प्रकार होतो. मेंदूला सूज येते. कवटी काही ताणली जात नाही, मग आतल्या आत दाब वाढतो आणि धडधाकट पेशीही मरायला लागतात. हा दुसरा मार कमी करता आला तर माणूस वाचेल, निदान माणसात राहील, या आशेवर जगभर लोक काम करतात. आम्हीही करत होतो.

त्यासाठी उंदराला आधी तो मार द्यावा लागतो. हे वाक्य लिहिताना आजही मला बरं वाटत नाही. उंदीर म्हणजे घरातले करडे नव्हेत. आमचे पांढरे, लाल डोळ्यांचे, हातावर घेतले की बोट हुंगणारे. त्यांना पूर्ण भूल द्यायची, मग उभ्या नळीतून एक ठरावीक वजन ठरावीक उंचीवरून डोक्यावर सोडायचं. किती उंदीर घेणार, का घेणार, त्यांना वेदना होऊ नयेत म्हणून काय करणार, हे सगळं एका समितीपुढे मांडून परवानगी घ्यावी लागते, आणि ती समिती आमच्या नाकात दम आणते. आणलाच पाहिजे.

मग परीक्षा सुरू. उंदराला फिरत्या दांड्यावर ठेवायचं आणि तो तोल सांभाळतो का ते पाहायचं. दुसरी परीक्षा हौदातली. मोठा गोल हौद, त्यात पाण्याच्या जरा खाली लपवलेला एक छोटा चौथरा. पाण्यात दुधाची पावडर कालवायची, म्हणजे चौथरा दिसत नाही. धडधाकट उंदीर काही दिवसांत चौथऱ्याची जागा शिकतो आणि पाण्यात सोडला की नीट तिकडे पोहत जातो. मार लागलेला गोल गोल फिरत राहतो. हा हौद आम्ही वर्ध्यातच एका पत्राकाम करणाऱ्याकडून बनवून घेतला. माप ऐकून त्याने विचारलं, गणपती विसर्जनाचा का? मी म्हटलं, गणपतीचा नाही, त्याच्या वाहनाचा. तो गंभीरपणे हो म्हणाला आणि हौदाच्या काठाला त्याने आपण होऊन लाल पट्टा रंगवून दिला.

परीक्षा झाल्या की उंदराला पुन्हा भूल द्यायची आणि त्याचा मेंदू काढून तपासायचा. आमच्या धंद्यात याला 'मारणं' म्हणत नाहीत, 'सॅक्रिफाइस' म्हणतात. हा शब्द मला कधीच आवडला नाही. मी मुलांना सांगायचे, मारणं म्हणा, म्हणजे कमी माराल. माझ्या सासूबाई रोज सकाळी बुद्धमूर्तीपुढे बसून पंचशील म्हणत, मीही त्यांच्या मागे बसायचे. त्यातलं पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं. एकदा उठता उठता त्या म्हणाल्या, "सकायी शील घेते अन् दुपारी उंदीर मारते, कसं जमते वं तुले?" रागाने नाही, खरंच जाणून घ्यायला विचारलं होतं. जमत नाही, पण करते, असं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मंग कामाचं तरी काही निघू दे त्यातून. पुढे त्या गेल्या. त्यांच्या हयातीत तसं काही निघालं नाही.

आता मीनलची गोष्ट सांगते, कारण मला लिहायची ती खरी तीच आहे.

मीनल माझी शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. वर्ध्याचीच. वडील एसटीतून रिटायर झालेले, आई शिवणकाम करायची. मुलगी शांत, पण एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेवाचं ऐकणार नाही अशी. एका झाडाच्या सालीतून काढलेली पिवळट पूड तिने अभ्यासाला घेतली होती. झाडाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर उद्या कोणीतरी साल उकळून प्यायला लागेल. या पुडीने मेंदूतल्या त्या राखणदार पेशी शांत होतात, असं काचेच्या भांड्यातल्या पेशींवर दिसलं होतं. आता उंदरात दिसतं का, ते पाहायचं होतं.

पूड पाण्यात मिसळली की आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती दुपारपर्यंत खराब व्हायची. म्हणून मीनलने वेळ ठरवून घेतली. ज्या उंदरांना औषध द्यायचं त्यांचं काम सकाळी, ताज्या औषधावर. ज्यांना तुलनेसाठी नुसतं पिवळं रंगवलेलं पाणी द्यायचं, त्यांचं काम दुपारी. परीक्षेत गुण देणाऱ्या मुलाला कोणता उंदीर कोणत्या गटातला ते कळू द्यायचं नाही, हा नियम तिने कसोशीने पाळला. मी पाहिलं, मला त्यात काही खोट दिसली नाही.

एप्रिलमध्ये प्राणिगृहाचा एसी जळाला. वर्ध्याच्या एप्रिलमध्ये एसी जळणं म्हणजे काय ते वर्धेकरांना सांगायला नको. पारा पंचेचाळिशीकडे निघालेला. दुरुस्तीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला लागली. भूल दिलेल्या उंदरांचे हाल व्हायला लागले तेव्हा मीनलने दुसऱ्या दिवशी घरचा कूलर आणला. लोखंडी पत्र्याचा, वाळ्याच्या ताट्यांचा मोठा कूलर, टेम्पोत घालून. मी विचारलं, घरी काय करणार? आम्ही गच्चीवर झोपू, ती म्हणाली. आईने स्वतः ताट्या धुऊन दिल्या होत्या. कूलर खिडकीत बसवला आणि काम चालू राहिलं.

आणि काय सांगू, निकाल येऊ लागले ते पाहून माझ्यासारखी संशयी बाईसुद्धा विरघळली. औषधाचे उंदीर दांड्यावर टिकत होते. हौदात सोडले की थोडं चाचपडून नीट चौथऱ्याकडे जात होते. बिनऔषधाचे बिचारे गोल गोल. मेंदूची सूज पाहिली तर तीही कमी. इतकी वर्षं मी 'थोडा फरक दिसतो', 'आणखी अभ्यासाची गरज आहे' असली गुळमुळीत वाक्यं लिहीत आले होते. या वेळी तसं लिहायची गरज नव्हती. मी घरी जाऊन सासूबाईंच्या फोटोपुढे उदबत्ती लावली. लावताना मला स्वतःचंच हसू आलं, पण लावली.

ही बातमी प्राणिगृहाबाहेर जायला वेळ लागला नाही. कारण आमचे शामरावभाऊ. प्राणिगृहातल्या उंदरांचं सगळं खाणंपिणं, साफसफाई तेच पाहत. गाव अल्लीपूर, घरची भाषा गोंडी. उंदरांशी ते गोंडीत बोलत आणि माझ्याशी वऱ्हाडीत, आणि उंदरांशीच जास्त गोड बोलत. माणूस मायाळू, पण पोटात गोष्ट राहायची नाही. प्राणिगृहात काय चाललंय ते अल्लीपूरच्या पानठेल्यावर आमच्या प्राचार्यांच्या आधी कळायचं.

एके दिवशी दुपारी शामरावभाऊंच्या मागोमाग एक मध्यमवयीन गृहस्थ माझ्या खोलीत आले. कपड्यांवर, भुवयांवर पिठाचा पांढुरका थर. अल्लीपुरात त्यांची पिठाची गिरणी होती. नाव वासुदेवराव. त्यांची कॉलेजात शिकणारी मुलगी प्रणाली हिंगणघाट रोडवर स्कूटीवरून घसरून पडली होती. हेल्मेट नव्हतं. सेवाग्रामच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, जीव वाचला. डोळे उघडे होते, पण कोणाला ओळखत नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता वाट पाहायची. वासुदेवराव वाट पाहून थकले होते, आणि त्यातच शामरावभाऊंनी त्यांना पानठेल्यावर सांगितलं होतं की आमच्या म्याडमकडच्या औषधाने डोकं फुटलेले उंदीर पहिल्यासारखे होतात.

त्यांनी औषध मागितलं. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. हे फक्त उंदरांवर पाहिलंय. माणसाच्या पोटात गेल्यावर त्याचं काय होईल, कोणालाच माहीत नाही, कदाचित विषही ठरेल. शिवाय हे आम्ही उंदराला मार लागल्याबरोबर देतो, तुमच्या मुलीला पडून आता कितीतरी दिवस झाले. ते सगळं नीट ऐकून घेत होते. मी थांबल्यावर म्हणाले,

"माही पोरगी मले पाहून राह्यली म्याडम, पन ओळखून नाई राह्यली. तिचं उंदराइतकं जरी झालं, तरी चालन मले."

माझ्या टेबलाशी मीनल उभी होती. तिने तोंड फिरवलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुमची पोरगी असती तर? माझी असती तरी दिलं नसतं, असं मी म्हटलं. ठाम आवाजात म्हटलं. ते खरं होतं की नाही, ते मला आजही ठरवता येत नाही. वासुदेवराव उठले, शामरावभाऊंकडे रागाने पाहिलं आणि निघून गेले. त्यांनी शिवी दिली असती तर मला जास्त सोपं गेलं असतं.

ते गेल्यावर मीनल माझ्याशी भांडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दवाखान्यातल्या डॉक्टरांना विचारू या, कुठे अर्ज करायचा तो करू या, काहीतरी मार्ग असेल, असं तिचं म्हणणं. "आपल्याकडे आहे आणि आपण देत नाही," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. नियम काय आहेत, ते कशासाठी आहेत, यावर दहा वर्गांना पुरेल एवढं भाषण ठोकलं. भाषणातला शब्द न् शब्द बरोबर होता. पण त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण औषध खरं आहे असं मलाही तेव्हा वाटत होतं.

जुलैत एसी दुरुस्त झाला. मीनलचा कूलर टेम्पोत बसून घरी गेला. उंदरांची संख्या पुरी करायला एक शेवटची तुकडी बाकी होती, तेवढी झाली की पेपर पाठवायचा. पेपर जवळजवळ लिहून तयार होता.

त्या तुकडीत औषधाचे आणि बिनऔषधाचे उंदीर सारखेच गोल गोल पोहले.

मीनल म्हणाली, पूड खराब झाली असणार. तिने पुन्हा साल आणली, पुन्हा पूड काढली, तिची शुद्धता तपासली. आणखी थोडे उंदीर घेतले. तेही गोल गोल. आता तिची झोप उडाली. ती वजनाची नळी तपासायची, दांड्याची मोटर तपासायची, भुलीच्या बाटल्या बदलायची. शेवटी मी म्हटलं, यंत्रं सोड. उन्हाळ्यात होतं आणि आता नाही असं या खोलीत काय आहे, तेवढं सांग. शामरावभाऊ पिंजरे धूत होते. ते मान वर न करता म्हणाले, "काई नाई बदललं म्याडम. मीनलताईचा कूलर तेवढा वापस गेला."

मी त्यांना विचारलं, उन्हाळ्यात पिंजरे कुठे ठेवत होता? यात काय विचारायचं, असा चेहरा करून त्यांनी सांगितलं, "जो आधी आला तो कूलरसमोर, जो मांगून आला तो मांगं. लग्नात नाई का अस्ते तसंच."

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडे मे महिन्यात लग्नाच्या मांडवात, कचेरीत, बँकेत, पाहुण्यांच्या बैठकीत, कुठेही जा, कूलरसमोरची जागा आधी आलेल्याची. मागून आलेला कितीही मोठा असो, त्याने मागे बसून घाम पुसायचा. हा नियम कोणी केला नाही आणि कोणी मोडत नाही. शामरावभाऊंनी तोच उंदरांना लावला होता. मीनल आणि मी रोज त्या खोलीत जात होतो, पिंजरे तसे लावलेले रोज पाहत होतो, आणि ते बरोबरच लावलेत असं आम्हाला वाटत होतं. वर्ध्यात वाढलेल्या माणसाला त्यात खटकण्यासारखं काय आहे? पुण्याची नाहीतर बंगळुरूची एखादी मुलगी असती, तर तिने पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

सकाळचे म्हणजे औषधाचे. दुपारचे म्हणजे पिवळ्या पाण्याचे. भूल दिलेल्या उंदराला स्वतःच्या अंगाचा गारवा-ऊब सांभाळता येत नाही, खोली जशी तसा तो. सकाळचे उंदीर शुद्धीवर येईपर्यंत आणि नंतरही वाळ्याच्या गार झोतात पडून होते. दुपारचे मागच्या भिंतीशी तापत होते. आणि मार लागलेला मेंदू गार राहिला की उंदरात तो दुसरा मार कमी बसतो, तापला की जास्त बसतो, हे आमच्या विषयात शिकाऊ मुलांनाही ठाऊक असतं. माणसात ते इतकं सरळ नाही, पण उंदरात आहे. म्हणजे आम्ही सगळा उन्हाळा औषधाची परीक्षा घेतोय असं समजत होतो, आणि पास झाला होता कूलर.

शामरावभाऊंना चूक काय झाली ते कळेना. ते म्हणाले, कोनाले तरी समोर ठेवा लागनच ना. खरंच होतं. मी त्यांना तुमचं काही चुकलं नाही असं सांगून चहाला पाठवलं.

मीनल हौदाला टेकून जमिनीवर बसली होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले. तिची दोन वर्षं, तिचा पेपर, शिष्यवृत्ती संपत आलेली, घरी लग्नाची बोलणी. उन्हाळ्यातले निकाल खोटे नव्हते. जे दिसलं तेच लिहिलं होतं. जुलैचे उंदीर 'पूड खराब' म्हणून वगळले असते तर जगात कोणीही आम्हाला तुमचा कूलर कुठे होता असं विचारलं नसतं. हे तिला कळत होतं आणि मलाही. मी गाइड म्हणून काय बोलायचं ते मनाशी जुळवत होते. तेवढ्यात तीच बोलली.

"त्यांच्यासाठीच आणला होता ना मॅडम मी तो कूलर. आता त्याच्यापायी आणखी मारावे लागतील."

मग ती रडली. पेपरसाठी रडली असती तर मी समजूत घातली असती. मलाही रडू आलं, आणि मी काही रडणारी बाई नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती समितीसाठी नवा अर्ज लिहून घेऊन आली. दोन्ही गटांचं काम एकाच वेळी करायचं, औषध दिवसातून दोनदा ताजं बनवायचं, पिंजरे सरमिसळ ठेवायचे, खोली एकाच तापमानात. मी सही केली. मला अभिमान वाटला आणि तो मी तिला बोलून दाखवला नाही. आमच्या पिढीला ते शिकवलेलं नव्हतं. इथे लिहिते आहे.

त्याच आठवड्यात ती आपण होऊन सेवाग्रामला जाऊन वासुदेवरावांना भेटली. आम्ही तुमच्यापासून काही लपवत नव्हतो, ते औषध खरं आहे की नाही याचीच आता शंका आहे, हे त्यांना सांगायचं होतं. वासुदेवराव वॉर्डाबाहेर बसले होते. त्यांनी ऐकून घेतलं. मग तिला आत नेलं, प्रणाली दाखवली. मीनल म्हणते, ती थोडा वेळ पलंगाशी बसली, तिचा हात धरला आणि परत आली. एवढंच.

नवा प्रयोग हिवाळ्यात पुरा झाला. औषधाचे उंदीर आणि पिवळ्या पाण्याचे उंदीर यांच्यात काहीच फरक नव्हता. ना दांड्यावर, ना हौदात, ना सुजेत. मीनलने तसा प्रबंध लिहिला. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, मग एवढ्या कामाचं निष्पन्न काय? ती म्हणाली, हे देऊ नये, एवढं. ते हसले आणि पास म्हणाले. अशा प्रबंधाचं कोणी कौतुक करत नाही. कुठल्या पेपरात फोटो येत नाही.

त्याआधी, संक्रांतीच्या सुमाराला वासुदेवराव माझ्या घरी आले होते. बरोबर प्रणाली, बापाचा हात धरून सावकाश चालणारी. एक पाय जरा ओढत होती, शब्द अडत होते, पण तिने मला नमस्कार केला आणि काकू म्हणाली. दिवाळीच्या आसपास तिने आईला ओळखलं होतं, आणि तिथून एकेक पाऊल पुढे. वासुदेवरावांनी गिरणीतलं ज्वारीचं पीठ आणलं होतं, भलं मोठं पोतं. मला इतका आनंद झाला की मी शेजारणीला हाक मारून मुलगी दाखवली.

मग त्यांनी आवाज खाली आणून माझे आभार मानले. औषधाबद्दल.

मी म्हटलं, आम्ही काहीही दिलं नाही. ते हसले. त्या दिवशी मीनलताई वॉर्डात आली होती, तिच्या पिशवीत बाटली होती, ती पोरीजवळ एकटी बसली होती, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं. बाटली पाण्याची होती, मी सांगितलं. ते औषध कुचकामी ठरलं, प्रयोग पुरा झाला, निकाल आला, सगळं सांगितलं. ते समजूतदारपणे मान हलवत राहिले.

"तुमच्या नोकरीवर यीन म्हनून तुमी कबूल नाई करत. मले समजते म्याडम. मी कोनाले सांगनार नाई."

सांगणार नाही म्हणजे काय, ते अल्लीपूरचा पानठेला जाणे.

त्यानंतर आलेल्या उन्हाळ्यात माझी निवृत्ती होती. शेवटच्या आठवड्यात मी कपाटं रिकामी करत होते. मीनल प्रबंधाच्या बांधलेल्या प्रती द्यायला आली होती आणि मला मदत करत होती. दारात एक उंच, काळासावळा माणूस येऊन उभा राहिला, गळ्यात दुपट्टा. वासुदेवभाऊनं पाठवलं, म्हणाला. त्याचा मुलगा विजेच्या खांबावर चढून काम करायचा. खांबावरून डोक्यावर पडला होता. डोळे उघडत नव्हता. थोडंसं औषध द्या, कोणाला सांगणार नाही, असं त्याने हात जोडून म्हटलं.

मी बोलणार होते, पण मीनल पुढे झाली. तिने त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही.

"काका, ते औषध मीच तपासलं," ती म्हणाली. "पूर्ण तपासलं. त्याचा काही उपयोग होत नाही."

"मंग वासुदेवभाऊची पोरगी कशी उठली?"

मीनल म्हणाली, "माहीत नाही. आम्ही तिला काही दिलं नव्हतं. कोण उठतं, कोण नाही, कशानं उठतं, हे अजून कोणालाच नीट माहीत नाही. आम्ही तेच शोधतो आहोत."

तो माणूस दुपट्ट्याचं टोक हातात धरून उभा राहिला. आता हा रागावेल किंवा पाया पडेल असं मला वाटलं, आणि दोन्हीची मला भीती वाटत होती. त्याने तसलं काही केलं नाही. तो विचार करत होता.

"म्हंजे औषधाबगरच उठली ते," तो सावकाश म्हणाला. "मंग माहाही उठू शकते."

हो म्हणायला माझ्याजवळ पुरावा नव्हता, आणि नाही म्हणायलाही नव्हता. मीनल म्हणाली, "हो काका. उठू शकतो." त्याने मान हलवली, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि तो पोराजवळ बसायला दवाखान्याकडे निघाला. आमच्या सगळ्या कामातून त्याला द्यावं असं खरं तेवढंच निघालं होतं, आणि तेही त्याचं त्यानेच शोधून घेतलं.